सदतीस पिल्लं आणि एक झोप

आमच्या ग्रुपचं नाव 'गोवा फायनल' आहे. गेली चार वर्षं. या चार वर्षांत आम्ही लोणावळा केलं, भंडारदरा केलं, एकदा तर नुसतं तळेगावच्या ढाब्यावर बसून परत आलो. गोवा काही फायनल झालं नाही. 'दिल चाहता है' आला 2001 मध्ये. आम्ही तेव्हा बालवाडीत होतो, पण त्या सिनेमानं लावलेला रोग आमच्याही पिढीपर्यंत पोचला!

ग्रुपमध्ये चौघं. सगळे निगडी-आकुर्डी-चिखलीचे, शाळेपासूनचे. खरी नावं सांगितली तर मार पडेल, म्हणून टोपणनावांवर भागवून घ्या. एक 'थर्ड शिफ्ट', चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर. एक 'क्यूसी', तीही चाकणलाच, पण दुसऱ्या कंपनीत, क्वालिटीला. हॉटेलात गेली तरी डोसा उजेडात धरून बघते. एक 'बेंच', हिंजवडीतला. नोकरीला लागल्यावर पहिले आठ महिने प्रोजेक्टविना बसून होता, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि मी, 'डेडलाइन'. फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे रजा मागायला बॉस नाही आणि रजेचे पैसे द्यायलाही कुणी नाही.

आमचं घोडं दरवेळी एकाच ठिकाणी अडतं. बेंचला सुट्टी शनिवार-रविवार. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांना मात्र सुट्टी गुरुवारी. पुण्यातल्या लोकांना हे सांगितलं की ते आपण ग्रहावरून आल्यासारखं बघतात. पण पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून या पट्ट्याचं घड्याळ वेगळंच चालत आलंय. माझ्या लहानपणी रविवार हा शाळेचा होता आणि गुरुवार हा बाबांचा. दोघांची सुट्टी एकत्र आली की तो सणच.

तर या मार्चमध्ये तो सण आला. थर्ड शिफ्टच्या कंपनीत गुरुवार, शुक्रवार, शनिवार असा ब्लॉक क्लोजर लागला. क्यूसीनं दोन दिवसांची सुट्टी टाकली, बेंचनं 'वर्क फ्रॉम होम' टाकलं (होम कुठलं ते कुणी विचारलं नाही), आणि मला याच साप्ताहिकानं काम दिलं होतं: कोकणातला वीकएंड, काय बघाल, कुठे राहाल, काय खाल. शब्द इतके, फोटो तितके. गोव्याऐवजी वेळास ठरलं. समुद्र आहे, कासवाची पिल्लं आहेत आणि बजेटमध्ये बसतं.

गुरुवारी सकाळी सातला भक्ती-शक्ती चौकात भेटायचं ठरलं. थर्ड शिफ्ट रात्रपाळी संपवून थेट येणार होता, म्हणून आला साडेसातला. आणि आला कंपनीच्या बसनं. हा मुलगा पावसात, थंडीत, तापातसुद्धा बाइक सोडत नाही. त्या बाइकवर त्याचं जितकं प्रेम आहे तितकं कुठल्याही मुलीवर बसलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

'बाइक कुठेय रे?' बेंचनं विचारलं.

'सर्व्हिसिंगला.'

विषय संपला. आम्ही हिंजवडीतून निघालो. सकाळच्या त्या वेळेला हिंजवडीतून बाहेर पडणारी गाडी बहुधा आमची एकटीच होती. समोरून येणाऱ्या रांगेतले सगळे आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, तेवढ्यानंच निम्मी ट्रिप वसूल झाली. मग घोटावडे, पौड, मुळशीचं पाणी, ताम्हिणी. माणगाव-म्हसळा करत बागमांडल्याला फेरीबोट. गाडीसकट बोटीत चढायचं, सावित्रीची खाडी ओलांडायची, आणि रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात वेसवीला उतरायचं. तिथून बाणकोटवरून वेळास हाकेच्या अंतरावर. बाणकोटचा किल्ला म्हणजे हिंमतगड. 1756 मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. (ही माहिती लेखासाठी. आम्ही किल्ल्यावर गेलो नाही, ऊन फार होतं.)

रस्ताभर थर्ड शिफ्ट पुढच्या सीटवर ताठ बसून होता. रात्रभर जागलेला माणूस, मागे झोप म्हटलं तर म्हणे, 'गाडीत ड्रायव्हरशेजारी कोणीतरी जागं पाहिजे.' ताम्हिणीत तो बेंचला दर दहा मिनिटांनी विचारत होता, 'झोप नाही ना येत?' बेंच वैतागला. मलाही ते जरा अतीच वाटलं.

वेळासला हॉटेल नाही, म्हणजे आपण म्हणतो तसं. लोकांच्या घरीच राहायचं. नारळी-पोफळीच्या वाडीत कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, पडवीत गाद्या. जेवण साधं आणि शाकाहारी, आणि पहिल्याच घासाला आपण शहरात काय खातो असा प्रश्न पाडणारं. कुयरीची भाजी, सोलकढी, दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक. काकूंनी पहिल्या पाच मिनिटांत आमच्यातल्या कुणाचं लग्न झालंय, कुणाचं का नाही आणि कुणाचं कुणाशी होऊ शकेल याचा अंदाज घेतला. काकांनी फक्त एवढंच सांगितलं, 'सकाळी सात, संध्याकाळी सहा. टोपल्या उघडतात तेव्हा जायचं. असली पिल्लं तर दिसतील.'

'असली तर म्हणजे?' क्यूसीचा प्रश्न.

'म्हणजे असली तर.'

आता थोडं कासवांबद्दल, कारण लेख त्याचाच आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या भाऊ काटदरे यांच्या संस्थेचे कार्यकर्ते 2002 मध्ये समुद्री गरुडाच्या सर्वेक्षणासाठी या किनाऱ्यावर फिरत होते. त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. तोवर ही अंडी माणसंही उकरून न्यायची आणि कोल्हे-कुत्रीही. संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे आले, घरं उघडली, जेवणाचे पैसे मिळायला लागले, आणि कासव हे गावाचं कासव झालं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येते, वाळूत हात-दीड हात खड्डा करते, पिंगपाँग बॉलएवढी शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. मागे वळून बघणं नाही. भल्या पहाटे किनारा पालथा घालणारे गावातले कासवमित्र तिच्या पावलांचा माग काढतात, अंडी अलगद उचलतात आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत तशाच मापाच्या खड्ड्यात ठेवतात. वर तारखेची पाटी. साधारण पन्नास दिवस. वाळू जास्त तापली तर पिल्लांत माद्या जास्त, कमी तापली तर नर. मग एक दिवस खड्ड्यावरची वाळू खचते...

गुरुवारी संध्याकाळी टोपल्या उचलल्या. काहीच नाही.

शुक्रवारी सकाळी सातला, काहीच नाही.

आमची काय अवस्था झाली ते प्रामाणिकपणे सांगते. समोर मैलभर रिकामा किनारा. वाळू-गोळ्या करणारे चिमुकले खेकडे ओहोटीला बाहेर पडलेले. वाळूतलं खाण्याजोगं तेवढं चाळून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची, असं करत त्यांनी अख्ख्या किनाऱ्यावर नक्षी काढलेली. (क्यूसी गुडघ्यांवर बसून म्हणाली, 'टॉलरन्समध्ये आहेत सगळ्या.') कुरव पक्ष्यांचा थवा लाटेच्या काठाकाठानं बसतोय, उठतोय. सुरूच्या बनावरून एक समुद्री गरुड संथ गोल फिरत गेला. आणि आम्ही? बेंच फोनला रेंज शोधत उंचवट्यावर उभा. क्यूसी म्हणते, 'आपण चुकीच्या वीकला आलो.' मी मनात लेखाचा इंट्रो बदलतेय, कारण पिल्लांशिवाय फोटो कशाचे देऊ? आराम करायला आलेली चार माणसं आणि चौघंही टार्गेट हुकल्यासारखी.

चौघंही म्हणाले खरी, पण थर्ड शिफ्टचं वेगळंच चाललं होतं. गुरुवारी रात्री तो झोपलाच नाही. दोन वाजता मला जाग आली तर हा पडवीच्या पायरीवर बसलेला. पहाटे फेरीला निघालेल्या एका कासवमित्राशी त्यानं खळ्यातच ओळख काढली आणि शुक्रवारी सकाळपर्यंत हा माणूस कासवांचा चालता-बोलता रजिस्टर झाला होता. कुठलं घरटं कितव्या दिवसावर आहे, कुठल्यातून आधी किती निघाली. जानेवारी 2022 मध्ये याच किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला, पश्चिम किनाऱ्यावरची पहिली, म्हणून तिचं नाव 'प्रथमा', हे आम्हाला त्यानंच सांगितलं. 2021 मध्ये ओडिशात टॅग केलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत थेट गुहागरला येऊन अंडी घालून गेली, हेही.

'साडेतीन हजार किलोमीटर,' तो म्हणाला. 'विचार करा. आणि हा बेंच हिंजवडी ते निगडी रडतो.'

वहीच्या पाठकोऱ्या पानावर त्यानं तक्ता काढला. प्लॅन आणि ॲक्च्युअल, दोन रकाने. एका घरट्यावर गोल केला. 'शनिवारी सकाळी बावन्नावा दिवस. उद्या येणार म्हणजे येणार.' लाइनवरचा सुपरवायझर असा बोलतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. दोन वर्षांत त्याला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा काही नाही. पण आता आम्ही वैतागलो नाही. उद्या बावन्नावा दिवस होता.

रात्री जेवणानंतर खळ्यात चटया टाकल्या. समुद्राचा आवाज वाडीच्या पलीकडून येत होता. बेंचनं सहज विचारलं, 'बाइकला झालंय तरी काय? तीन दिवस सर्व्हिसिंग?'

थर्ड शिफ्ट बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'विकली.'

आणि मग त्यानं सांगितलं. जानेवारीत, रात्रपाळीनंतर दोन तास ओव्हरटाइम करून तो नाशिक हायवेनं घरी निघाला होता. कुरुळी फाट्याच्या पुढे त्याला झोप लागली. डुलकी नाही, झोप. डोळे उघडले तेव्हा तो रस्त्यावर आडवा होता, बाइक दहा फुटांवर, आणि मागे एक ट्रेलर उभा. 'बंपर इथं होता,' त्यानं हातानं दाखवलं. आमच्यातल्या अंतराएवढंच. ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला, याला उठवून बाजूला बसवलं, पाणी दिलं, एक शिवी दिली आणि गेला. कोपराला खरचटलं. घरी आईला सांगितलं, वाळूवरून घसरलो.

'शिफ्ट बदलून माग ना,' क्यूसी म्हणाली.

'एप्रिलमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय.'

यावर बोलण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. त्याचे वडील आकुर्डीत तीस वर्षं शिफ्टमध्येच राबले. पण ते पर्मनंट होते. सुपरवायझरशी भांडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जायचे. आमच्या वयाची जी मुलं आज लाइनवर आहेत, त्यांच्यातल्या कितीजणांना भांडणं परवडतं ते चाकणच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारून बघा.

रात्रपाळीवर मी एकदा स्टोरी केली होती. शरीराचं घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, यावरच्या संशोधनाला 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते माशांवर, म्हणजे फळांवरच्या चिलटांवर केलेले प्रयोग होते, वगैरे सगळं मी त्यात लिहिलं होतं. दोन डॉक्टरांचे कोट घेतले होते. तेव्हा माझा शाळेतला मित्र सलग दुसऱ्या वर्षी पंधरवड्याआड रात्रपाळी करत होता, आणि त्याला फोन करावा असं मला सुचलं नव्हतं.

'सकाळी सहाला उठवा,' तो म्हणाला. 'अलार्म लावलाय, पण तरी उठवा. माझं घरटं आहे ते.' आणि बोलता बोलता, साडेनऊच्या सुमाराला, चटईवरच झोपला. आम्ही त्याला कसंबसं पडवीत गादीवर आणला. जागा झाला नाही.

सकाळी सहाला त्याचा अलार्म वाजला. तो हललाही नाही. तोंड उघडं, एक हात गादीबाहेर, चेहरा शाळेतल्यासारखा. क्यूसीनं अलार्म बंद केला. तिघं त्याच्या गादीभोवती उभे.

'उठव.'

'तू उठव.'

'त्यानं सांगितलंय उठवायला. त्याचं घरटं आहे.'

'साडेआठ तास झाले फक्त.'

'पिल्लं पुन्हा येतील का? आपण दुपारी निघतोय.'

कुजबुज ऐकून काकू चहाचं आधण ठेवता ठेवता बाहेर आल्या. त्यांना कुरुळी फाटा माहीत नव्हता, ट्रेलर माहीत नव्हता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'निजू दे त्याला.'

आम्ही गेलो.

टोपली उचलली आणि खाली ती होती. बिस्किटाएवढी, राखाडी-काळी, एकमेकांच्या पाठीवरून चढणारी. त्याचा गोल बरोबर होता. दोरीच्या मागे आम्ही पंधरा-वीस माणसं, एकही आवाज नाही. कासवमित्रांनी ती पाण्यापासून थोडी अलीकडे, ओल्या वाळूवर सोडली. हातानं पाण्यात सोडत नाहीत, त्यांनी स्वतः चालायचं असतं. मोठी झालेली मादी अंडी घालायला जिथे जन्मली त्याच भागात परतते म्हणतात, आणि त्या वाळूची ओळख या पहिल्या चालण्यात होत असावी असं मानलं जातं. काही सरळ निघाली. काही थांबली. एक उलटं जमिनीकडे निघालं, त्याला तसंच वळू दिलं. लाट आली की पाचसहा मागे फेकली जायची आणि पुन्हा वल्ह्यासारखे हात मारत निघायची. हजारातलं एखादंच मोठं होतं, हे आम्हाला थर्ड शिफ्टनंच सांगितलं होतं. मी मोजत होते. सदतीस. बेंच व्हिडिओ काढत होता आणि रडत होता, पण हे छापू नको म्हणालाय.

आपण बरोबर केलं का, हे परतताना कुणी बोललं नाही.

तो अकरा वीसला उठला. पावणेचौदा तास. खळ्यात आला, उन्हाकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

'किती?'

'सदतीस.'

'कधी?'

'सात वाजून चार.'

त्यानं वही काढली, ॲक्च्युअलच्या रकान्यात सदतीस लिहिलं, वही बंद केली. मग आंबोळ्या खाल्ल्या, सात. आमच्याशी एक शब्द बोलला नाही. काकूंशी बोलला, काकांशी बोलला, मांजराशी बोलला. बेंचनं व्हिडिओ पुढे केला तेव्हा नुसता हात बाजूला केला. वेसवीला बोटीची वाट बघताना क्यूसी त्याला म्हणाली, 'चिडायचं तर नीट चिड.' तेव्हा तो म्हणाला, 'मी दोन दिवस त्यासाठी थांबलो होतो गं.' बस, एवढंच. आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. मला अजूनही नक्की सांगता येत नाही. तो माझ्या जागी असता, तर त्यानं मला उठवलं असतं असं वाटतं.

बोटीतून उतरल्यावर तो मागच्या सीटवर बसला. म्हसळ्याच्या आधीच झोपला, तो ताम्हिणीत झोपलेला, मुळशीला झोपलेला. भक्ती-शक्तीला उठवलं तेव्हा सॅक उचलली आणि म्हणाला, 'आईला सांगतो आज. बाइकचं.' ट्रेलरचं सांगणार का, ते विचारलं नाही.

संपादकांना मी सांगितलं की लेख थोडा वेगळा झालाय. तरी कुणाला जायचं असेल तर: फेब्रुवारी-मार्च ते एप्रिल हा पिल्लांचा काळ, गर्दी टाळायची तर शनिवार-रविवार नको, घर आधी फोन करून ठरवा, किनाऱ्यावर फ्लॅश नाही, हात लावायचा नाही, आणि पिल्लं असली तर असली.

रविवारी रात्री त्याची पुन्हा थर्ड लागली. सोमवारी पहाटे तीन चाळीसला 'गोवा फायनल'वर मेसेज पडला. कॅन्टीनमधल्या चहाच्या कपाचा फोटो, आणि खाली:

'तो व्हिडिओ पाठवा रे कोणीतरी.'

मी जागीच होते. पाठवला.